पाच नंबरची घंटा

४ एप्रिल, कामेनित्सा

पोहोचले बाई एकदाची! बस डोंगरात शिरली तसं ड्रायव्हरने एका बाजूच्या सगळ्या खिडक्या बंद करायला लावल्या. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या तर झुळूक आरपार जाते आणि माणूस आजारी पडतो, ही आपल्या देशाची श्रद्धा. बॉम्बवर्षावातून वाचलेली माणसं झुळकीला घाबरतात. सगळा रस्ता घामाने निथळत काढला, तरी मी मजेत होते. प्लमची झाडं फुलली होती आणि उतारांवर रासबेरीच्या ओळी सुरू झाल्या होत्या. मांडीवर मोजमापाच्या उपकरणांची पेटी होती आणि डोक्यात एकच गोष्ट होती: एक तृतीयांश.

इथल्या शीतगृहाची वीज मी एक तृतीयांशाने कमी करून दाखवणार, तेही जूनमध्ये नवी फळं यायच्या आत. ऑफिसात सगळ्यांसमोर तसं बोलून बसले आहे. जमलं तर या डोंगरातली सगळी शीतगृहं माझ्या ताब्यात. नाही जमलं तर पुन्हा शाळाशाळांतून दिवे मोजत फिरायचं, आणि ते मी आता या जन्मात करणार नाही.

मालक वेलिमिर स्टँडवर न्यायला आला होता. गालांचे तीन मुके झाले, मग गाडीच्या टपावरच राकियाचे, म्हणजे प्लमच्या दारूचे, दोन पेले. सकाळी दहा वाजता! राहायची सोय रादोयकामावशीच्या घरी. ती शीतगृहात फळं निवडणाऱ्या बायकांची मुकादम आहे. रात्री मक्याची भाकरी, त्यावर हातभर साय. मला बघून म्हणाली, की बेलग्रेडमध्ये पोरींना खायला घालत नाहीत का, की तिथे तेही वाचवतात? बाई तिखट आहे. मला आवडली.

७ एप्रिल

शीतगृह पाहिलं. डोकं फिरायची वेळ आली.

बांधलंय ते सहकाराच्या काळात, तेव्हा वीज सगळ्यांची होती म्हणजे कोणाचीच नव्हती. सहा खोल्या. गेल्या वर्षीची फळं फक्त पाच आणि सहामध्ये उरलीत, पण सहाच्या सहा खोल्या उणे वीस अंशांवर. म्हणजे चार खोल्यांत नुसती हवा गोठवून ठेवली आहे. खरेदीला कोण येणार आहे तिच्या?

यंत्रघरात झिवादिन. मिशाळ, निवृत्तीला टेकलेला, दिवसभर रेडिओवर अकॉर्डियनची गाणी. त्याला विचारलं, यंत्राचा दाब एवढा चढा का ठेवलाय? म्हणाला, आधीच्याने ठेवला होता तेवढाच आहे. आधीच्याला कोणी सांगितलं? त्याच्या आधीच्याने. बाहेर बर्फ पडो नाही तर ऊन, यंत्र आपलं बारा महिने ऑगस्टमध्ये असल्यासारखं धापा टाकतंय. पंखे अखंड चालू. पाच नंबरमध्ये आठही दिवे अखंड चालू. गोठवण्याच्या खोलीत दिवा जाळणं म्हणजे एकदा उजेडाचे पैसे आणि दुसऱ्यांदा त्या दिव्याची ऊब बाहेर काढायचे पैसे. विझवत का नाही, तर म्हणे, पाच नंबरचे विझवत नाहीत. बस्स. झाला खुलासा.

मग कॉफी. कॉफीशिवाय या देशात काही हलत नाही आणि कॉफी आली की मग तर काहीच हलत नाही. छोट्या कपांचा ट्रे फिरला. एक भरलेला कप झिवादिनने नेऊन पाच नंबरच्या दाराशी, सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवला. कोणाचा, विचारलं. पेर्साचा, म्हणाला. पेर्सा नावाची कोणी मला तरी दिसली नाही.

११ एप्रिल

विजेचा चोर सापडला!

दारांवर मोजणीची यंत्रं बसवली होती. सहा नंबरचं दार दिवसातून दोन-तीनदा उघडतं. पाच नंबरचं वीसदा, पंचवीसदा, आणि माल तर तिथून काडीचा हलत नाही. मग दबा धरून बसले.

प्रत्येक खोलीत आत एक बटण आहे. कोणी कोंडलं गेलं तर दाबायचं, म्हणजे यंत्रघरात घंटा वाजते. पाच नंबरची घंटा वाजली. आत कोणीही नव्हतं, मी स्वतः नुकतीच बाहेर आले होते. झिवादिनने हातातलं सोडलं, धावत गेला, दार सताड उघडलं, टोपी काढली आणि आत तोंड करून अदबीने म्हणाला, चल पेर्से, बाहेर ये, कॉफी झाली. मग उभाच राहिला. बाहेरची दमट हवा ढगासारखी आत लोटत होती आणि हा लग्नाला उभं राहावं तसा उभा! मग दार लावून आला आणि रेडिओ लावला. संध्याकाळपर्यंत हा सोहळा आणखी कितीतरी वेळा.

या एका शिष्टाचारापायी जेवढी वीज जाते तेवढ्या विजेत रादोयकाची अख्खी आळी हिवाळा काढेल.

रात्री घेवड्याची उसळ वाढताना रादोयकामावशीने सगळं सांगितलं. पेर्सा म्हणजे पेर्सिदा, तिची धाकटी जाऊ. फार वर्षांपूर्वी पाच नंबरमध्ये पेट्या लावायला गेली आणि दार लागलं. तेव्हा दाराला आतून उघडायचा दांडा नव्हता. घंटा वाजली. पण त्या काळी ओल आली की घंटा उगाच वाजायची, आणि बाहेर कॉफी रंगात आली होती. झिवादिन तेव्हा मुकादम. तो म्हणाला, कॉफी तर संपू दे, मग बघू. कॉफी संपली, मग सगळ्यांनी कप उलटे केले, आणि रादोयका गाळातलं भविष्य वाचायला बसली. कोणाच्यातरी कपात लांबचा प्रवास दिसला, त्यावरून हसणं झालं. घंटा मधेच कधीतरी थांबली होती. दार उघडलं तेव्हा पेर्सा दाराकडे तोंड करून पेटीवर बसलेली होती, बोट बटणाच्या दिशेला. तेव्हापासून पाच नंबरची घंटा वाजली की कोणीही असो, हातातलं टाकून धावायचं आणि दार उघडायचं.

मी म्हटलं, वाईट झालं, पण आता जी वाजते ती बटणातली ओल आहे. रादोयकामावशी म्हणाली, असेल हो. ओल रोज कॉफीच्या वेळेला न चुकता येते.

बटण उघडून पाहिलं. कोरडं ठणठणीत. तार कुठेतरी खराब असणार, सवडीने शोधेन. एका तारेपायी हे लोक इतकी वर्षं रोज टोप्या काढतायत, हे बेलग्रेडमध्ये सांगितलं तर जेवताना ठसका लागेल.

१६ एप्रिल

झाडून साफ केलं एकेक. रिकाम्या चार खोल्या बंद. दाब खाली आणला. पंखे गरजेपुरते. पाच आणि सहामध्ये माणूस हलला तरच लागणारे दिवे बसवले. कोणी हललं नाही की मिनिटभरात आपोआप विझतात.

दारांवर हवेचा पडदा लावला. वरून हवेचा झोत येतो, दार उघडलं तरी दमट हवा आत शिरत नाही. झाली बोंबाबोंब! मी म्हणे त्यांच्या मानेवर झुळूक सोडली. एकीची मान धरली, एकीचे दात दुखायला लागले, आणि एकीच्या मूत्रपिंडाचं तर विचारूच नका. पाठ वळली की पडदा बंद. मी चालू करते, त्या बंद करतात. दमट हवा आत शिरून दाराच्या रबरावर बर्फ साचतोय हे दिसतंय, पण अडाण्यांशी किती घसा कोरडा करायचा?

दारांच्या चौकटीत एक तापणारी तार असते, रबर गोठून चिकटू नये म्हणून. चोवीस तास चालू! तीही बंद करून टाकली. वसंत ऋतू आहे, उत्तर ध्रुव नाही. एक तृतीयांश फुकट होत नाही.

आणि मुख्य काम. मालकाच्या सहीने हुकूम लावला: पाच नंबरचं दार घंटेसाठी कोणीही उघडायचं नाही. उघडेल तो त्याच दिवशी घरी. झिवादिन टोपी हातात धरून आला. म्हणाला, इंजिनेरबाई, आणि खरंच कोणी माणूस आत असलं तर? मी म्हटलं, आता आतून दांडा आहे. जिवंत माणूस दांडा ढकलून बाहेर येईल आणि मेलेल्याला घाई नसते. कोणी हसलं नाही. मग म्हणाला, निदान कॉफी तरी ठेवू द्या. ठेवा की! कपाने आतली थंडी जात नाही, हवे तेवढे कप ठेवा.

त्यांच्या डोळ्यांसमोर पेर्साचा कप उचलला आणि पिऊन टाकला. गार झाला होता, पण साखर बरोबर होती. बायका छातीवर क्रॉसची खूण करत मागे सरल्या. काय एकेक चेहरे!

२० एप्रिल

आकडा घसरतोय! एक चतुर्थांश तर आत्ताच कमी.

पहिले दोन दिवस पाच नंबर सारखी वाजत होती. झिवादिन दाराशी जायचा, कप ठेवायचा, बंद दाराशी काहीतरी पुटपुटायचा, आणि घंटा थांबली नाही की येऊन रेडिओ मोठा करायचा. खोलीला लागूनच यंत्रघर, पातळ भिंत, आतसुद्धा गाणी ऐकू जातात. परवापासून घंटा बंद. सांगितलं होतं ना? नाटकाला प्रेक्षक उरला नाही की नाटक बंद पडतं.

रादोयकामावशी माझ्याशी बोलत नाही. भाकरी समोर आपटते आणि म्हणते, खा.

२५ एप्रिल

पाच नंबरचे दिवे लागतायत. आत कोणी नसताना.

नोंदयंत्रावर सगळं उमटतं. पंख्याच्या वाऱ्याने छतावरचा बर्फाचा भुगा उडत असेल, दिवा त्याला माणूस समजत असेल. झाडून घेतलं. हलक्या प्रतीचा माल पाठवला असणार, पुरवठादाराला चांगली झापली.

सहामध्ये तेच दिवे आहेत. तिथे काही नाही.

२९ एप्रिल

बदलले सगळे दिवे. पुन्हा तेच.

नोंदी नीट लावून पाहिल्या. मधल्या वाटेवर ओळीने आठ दिवे आहेत. ते एकदम लागत नाहीत. आधी सगळ्यात आतला. मग त्याच्या अलीकडचा. मग त्याच्या. अशी रांग दारापर्यंत येते. दाराशी खूप वेळ दिवा जळत राहतो. मग उलट परत.

झिवादिनला म्हटलं, तूच आत शिरून थट्टा करतोयस. त्याने वर न बघता सांगितलं, की म्हणूनच पूर्वी दिवे विझवत नव्हते. सगळीकडे उजेड असला की कोण फिरतंय ते कळत नाही, आणि न कळलेलंच बरं असतं. तुम्हाला कळून घ्यायचं होतं, बाई.

उद्धट मेला. निवृत्ती जवळ आली नसती तर —

२ मे

झोप नाही. दिवे आता बहुतेक वेळ दाराशीच जळतात. रांग परत जात नाही.

दाराशी. म्हणजे बटणापाशी. पण घंटा वाजत नाही. कोणी उघडणार नाही हे कळलेल्यासारखं —

काय लिहितेय मी! या लोकांची साथ लागली मला. अडाणीपणा सर्दीसारखा पसरतो.

आकडा वर चढतोय. दिव्यांमुळे. एक तृतीयांश जेमतेम राहिलंय.

५ मे

उद्या संत जॉर्जचा दिवस, मालकाच्या घरच्या कुलसंताचा सण. सगळं गाव कोकरू खायला त्याच्याकडे. शीतगृहात फक्त झिवादिन. मी सकाळच्या बसने बेलग्रेडला चाललेय, असं रादोयकाला सांगितलं होतं. ती म्हणाली, जा पोरी, जा, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा डोक्यावरून हात फिरवला.

नाही जाणार. परवा अहवाल द्यायचाय. हे दिवे एका जागी बसून, डोळ्यांनी बघून घेणार. भीती वाटतेय हे खरं आहे. म्हणूनच जाणार. हे लोक कधी आत जाऊन बघत बसले नाहीत.

६ मे

पाच नंबरमध्ये. पेन गोठलं, पेन्सिलीने लिहितेय.

आले तेव्हा यंत्रघरात कोणी नव्हतं. झिवादिन मेणबत्ती लावायला चर्चमध्ये गेला असेल. इथला जाड कोट चढवला, फोन माझ्या कोटात बाहेरच राहिला. आत आले आणि दार ओढून घेतलं. उघडं ठेवून कशी जाऊ? मी?

अर्धा तास बसले, काही दिसलं नाही. निघाले तर दार उघडत नाही.

दांडा ढकलला की हलतो. दार हलत नाही. रबर चौकटीला गोठून एक झालंय. त्यांनी पडदा बंद केला, मी तार बंद केली. खांद्याने धडका मारल्या. पेटीने ठोकलं. पेटी फुटली, फळं सांडली, गारेसारखी कडक.

—

घंटा दाबली. दाबून धरली.

रेडिओ लागला! भिंतीतून ऐकू येतोय. झिवादिन आला. ऐकलं त्याने. आता —

रेडिओ बंद झाला. पावलं. येतोय. देवा, आयुष्यभर कॉफी पाजेन या माणसाला —

—

कट्ट्यावर काहीतरी ठेवलं. हलकं. चिनीमातीचं.

ओरडले. मी आहे, दुन्या! इंजिनेर! दार उघड! या जाड दारातून काय जात असेल बाहेर? कण्हल्यासारखं काहीतरी.

तो रडवेल्या आवाजात, मोठ्याने, दाराशी तोंड लावून म्हणाला, रडू नकोस गं पेर्से. सणाचा दिवस आहे. तेव्हाही मीच थांबवलं सगळ्यांना, आणि आताही माझ्या हातात काही नाही. बाईंनी मना केलंय.

मी म्हटलं, मीच ती बाई. मीच.

कॉफी पी, म्हणाला.

पावलं गेली.

—

बोटं कळत नाहीत. हात हलवला नाही की दिवा विझतो. हलवला की लागतो. मीच बसवलेले. हलवत राहायचं.

पुन्हा घंटा दाबली, यंत्रघराच्या भिंतीवर ठोकलं. पुन्हा. तो येत नाही. गाणी लावलीत.

—

आता हलवत नाही. दमले. दिवा विझला.

आत लांब, टोकाला, एक लागलाय.

—

त्याच्या अलीकडचा.

—

अलीकडचा. कोणी नाहीये. पेट्या दिसतायत फक्त. बर्फावर पावलं नाहीत. पण दिवा —

—

माझ्या डोक्यावरचा लागला. मी हललेले नाही.

घंटा वाजतेय. माझं बोट बटणावर नाही. दोन्ही हात वहीवर आहेत. वाजतेच आहे, जीव तोडून, थांबतच नाही. ती दाबतेय. माझ्यासाठी दाबतेय. दार उघडा म्हणून ती माझ्यासाठी —

आणि बाहेर रेडिओ मोठा के